कोणती वस्तू हाती घ्यावी?

हाताने काही करून विकायचं मनात आलं, की घरातून आणि शेजारून पहिला सल्ला येतो तो असा: "तुझ्या हातात कला आहे, विकायला काढ." सल्ला प्रेमाचा असतो, पण खरा प्रश्न त्यात निसटून जातो. हातात कला असणं आणि तिच्यावर महिन्याचा खर्च भागणं यांच्या मध्ये एक निवड असते. क्रोशाचं तोरण करायचं की बाळाची टोपी? आकाशकंदील करायचे तर कोणत्या मापाचे, कोणासाठी, आणि कामाला कोणत्या महिन्यात बसायचं? मातीचे दागिने, गोधडी, लाकडी खेळणी, हाताने रंगवलेली साडी, यांतलं काय धरायचं आणि काय सोडायचं? हे पुस्तक या एका निवडीबद्दल आहे.

हातकामाची पुस्तकं मराठीत पुष्कळ आहेत. टाका कसा घालावा, सुई कोणत्या नंबरची घ्यावी, माती कशी मळावी, रंग पक्का कसा करावा, हे सांगणारी सदरं मासिकांतून वर्षानुवर्षं चालली. पण दहा गोष्टी जमत असताना त्यांतली नेमकी कोणती करायची हा कृतीच्या आधीचा प्रश्न, आणि तिचा भाव काय लावायचा हा कृतीच्या नंतरचा प्रश्न, हे दोन्ही बहुधा ज्याच्या त्याच्यावर सोडले गेले. माझं म्हणणं असं आहे, की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. वस्तू निवडली, की आपल्या एका तासाला बाजार किती मोल देणार हे बहुतांशी ठरून जातं. मग कितीही राबलं, रंग बदलले, स्टॉलची जागा बदलली, तरी त्या पहिल्या निर्णयाची चौकट फारशी हलत नाही.

ही निवड आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती किती नवी आहे हे ध्यानात राहत नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांनी काय करायचं ते जन्मानेच ठरलेलं असे. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था बारकाईने मांडलेली आहे. वर्षभर गावाची गरज भागवायची आणि सुगीला बलुतं घ्यायचं. मडक्याला किमतीची चिठ्ठी नव्हती, कामाच्या तासांचा हिशेब नव्हता, आणि काम नाकारण्याची सोयही नव्हती. पोटाला आधार होता, पण तो जातीच्या दाव्याला बांधलेला होता. शहरांत आणि दरबारांत जी कामं वाढली, म्हणजे पैठणी, औरंगाबादचं हिमरू कापड, सावंतवाडीचे गंजिफा पत्ते, पुण्याच्या तांबट आळीतली भांडी, तिथे वस्तू ठरवणारा आश्रयदाता होता. कारागिराचं कौशल्य अफाट होतं. निवड मात्र त्याची नव्हती.

पुढे निवडीचा हा अधिकार वेगवेगळ्या हातांत फिरत राहिला, आणि हस्तकलेचा आधुनिक इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या फिरण्याचा इतिहास आहे. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय कापड, धातुकाम, लाकूडकाम पाहून युरोपातले जाणकार थक्क झाले. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले, आणि १८८० मध्ये जॉर्ज बर्डवूड यांनी भारतीय कारागिरीवर ग्रंथ लिहून खेड्यातल्या कारागिराची थोरवी गायली. या मंडळींचं प्रेम खरं होतं. पण प्रदर्शनात मांडायला काय न्यायचं हे तेच ठरवत होते, आणि त्यांची नजर नक्षीवर, भिंतीवर शोभणाऱ्या वस्तूंवर जास्त खिळली. त्याच काळात गिरणीच्या कापडाने विणकराचं रोजचं गिऱ्हाईक पळवलं. म्हणजे कौतुक शोभेच्या वस्तूच्या वाट्याला आलं आणि पडझड वापरातल्या वस्तूच्या. आजही प्रदर्शनात भिंतीवर टांगायच्या वस्तूंची गर्दी आणि हाताशी लागणाऱ्या वस्तूंची वानवा दिसते. त्या सवयीचं एक मूळ इथे सापडतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी याला उलटं वळण मिळालं. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने वस्तू कुठे आणि कोणी केली हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडी आणला. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ मध्ये भारतीय कारागिरावर पुस्तक लिहून त्याच्या समाजातल्या स्थानाकडे लक्ष वेधलं. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात उभा राहिला, आणि १९३८ मध्ये तिथेच मगन संग्रहालय सुरू झालं. या विचारात वस्तू निवडण्याची कसोटी सरळ होती: जवळच्या माणसाला ती लागते का, कच्चा माल आसपास मिळतो का, आणि हत्यार कारागिराला स्वतः दुरुस्त करता येतं का. जपानमध्ये साधारण याच सुमाराला यानागी सोएत्सु रोजच्या वापरातल्या, निनावी कारागिरांनी केलेल्या वस्तूंचं सौंदर्य मांडत होते. १९३६ मध्ये टोकियोत त्यांचं लोककला संग्रहालय उघडलं. दोन देशांत, दोन वेगळ्या कारणांनी, लक्ष पुन्हा साध्या वस्तूकडे वळलं.

महाराष्ट्रात याला समांतर आणखी एक धारा वाहत होती, आणि हस्तकलेच्या इतिहासात तिची नोंद फार कमी घेतली जाते. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहिलं. अशा संस्थांतून विधवांना, परित्यक्तांना, गरजू बायकांना शिवण आणि भरतकाम शिकवलं गेलं. इथे हस्तकलेचा वारसा जपणं हा हेतूच नव्हता. बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे यावेत एवढाच हेतू होता, आणि तो पुरेसा मोठा होता. आज घरातून तोरणं, राख्या, कापडी पिशव्या करून विकणाऱ्या असंख्य बायका याच परंपरेच्या वारस आहेत. त्यांच्या कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही.

स्वातंत्र्यानंतर निवडीचा अधिकार सरकारकडे आला. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा घेतली. देशभर फिरून त्यांनी मरणपंथाला लागलेल्या कला हुडकल्या, विक्रीची दालनं उघडली, आणि कारागिरांच्या सन्मानासाठी पाठपुरावा केला. महाराष्ट्रात १९६२ मध्ये लघुउद्योग विकास महामंडळ आलं. याच सुमाराला डिझाइनरचा शिरकाव झाला. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपला साधा तांब्या केंद्रस्थानी ठेवला: त्यात किती पाणी मावतं, ते कसं ओतलं जातं, तो कोणाच्या हातात किंवा कमरेवर कसा बसतो, त्याची किंमत काय पडते, असे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ विचारले. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली त्यामागे हा अहवाल होता. ते प्रश्न आजही जसेच्या तसे कामाचे आहेत. कोणतीही वस्तू निवडताना तेच विचारावेत.

१९८१ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या दस्तकारसारख्या संस्था आणि १९९४ मध्ये उघडलेलं दिल्ली हाट यांनी कारागिराला थेट गिऱ्हाइकासमोर उभं केलं. आपल्याकडे पुण्याची भीमथडी जत्रा आणि बचतगटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन यांनी तेच केलं. नंतर मोबाइल आला, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आणि इन्स्टाग्रामची पानं आली, आणि चिपळूणच्या खोलीत बसलेल्या मुलीला बंगळूरचं गिऱ्हाईक मिळू लागलं. गावगाडा, दरबार, प्रदर्शनाचे अधिकारी, मंडळ आणि डिझाइनर या सगळ्यांच्या हातांतून फिरून निवड शेवटी करणाऱ्याच्या हातात आली. हे स्वातंत्र्य मोठं आहे. आणि त्यासोबत चुकीचा भुर्दंडही आता ज्याचा त्यालाच सोसायचा आहे.

या प्रवासातून आज चार प्रकारचे सल्ले ऐकू येतात, आणि नवख्या माणसाचा गोंधळ बराचसा त्यांच्या भांडणातून होतो. जपणूकवाले सांगतात, परंपरेतलं रूप जसंच्या तसं ठेवा. ते बदललं की कला मेली. उपयुक्ततावादी सांगतात, शोभेच्या वस्तूंच्या नादी लागू नका. घरात रोज लागेल तेच करा. डिझाइनवाले सांगतात, कौशल्य ठेवा, वस्तू बदला. आजच्या घराला आणि आजच्या खिशाला शोभेल असं रूप द्या. रोजगारवाले, म्हणजे बचतगट चालवणारे आणि योजना राबवणारे, सांगतात, लवकर शिकता येईल आणि लवकर उठेल तो माल धरा. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि एकट्याच्या सल्ल्यावर चाललं तर चौघांतही खड्डा आहे. नुसत्या जपणुकीने वस्तू संग्रहालयात जाते. नुसत्या उपयोगाच्या मागे गेलं तर प्लास्टिकशी भावाची लढाई होते आणि ती हरावीच लागते. डिझाइनर निघून गेला, की नवं रूप कोणी पुढे नेत नाही. आणि लवकर शिकता येणारी वस्तू शेजारणही लवकरच शिकते. मग एकाच गल्लीत दहा जणी तेच विकतात आणि भाव कोसळतो.

महाराष्ट्रातल्याच दोन-तीन कलांकडे पाहिलं, तर निवडीचं काम कसं चालतं ते दिसतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांची ओळख मठारकाम ही. हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठसे उमटतात, भांड्याला बळकटी येते आणि चमकही. या आळीतून पूर्वी बंब, घंगाळी, हंडे जात. स्टेनलेस स्टील आलं, गॅस आणि गिझर आला, आणि बंबाचं गिऱ्हाईक संपलं. मठारण्याचं कौशल्य मात्र टिकलं, कारण ते पाण्याच्या जगमध्ये, पेल्यात, दिव्याच्या छत्रीत उतरवता आलं. सावंतवाडीच्या गंजिफेचंही तसंच. दशावतारी गंजिफेच्या संचात १२० गोल पानं, प्रत्येक हाताने रंगवलेलं. खेळणारे उरले नाहीत. १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्याने कारागिरांना राजवाड्यात काम देऊन ही कला उभी ठेवली, आणि आज तो संच मुख्यतः संग्राहक आणि भेट देणारे घेतात. दोन्हीकडे हात तोच राहिला. त्या हाताला गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर नव्याने शोधावं लागलं.

वारली चित्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले, चित्रं कागदावर आली, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती जगभर पोचली. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येताना ही कला विधीतून बाजारात आली, आणि बायकांच्या हातचं काम मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हाती गेलं. वस्तूचं रूप बदललं, की तिची कमाई कोणाकडे जाते तेही बदलतं. आज डायरीपासून बेडशीटपर्यंत सगळीकडे वारली आकृत्या छापलेल्या दिसतात, आणि त्या छपाईतला फार थोडा पैसा पालघरच्या पाड्यांत पोचतो. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं तरी हा प्रश्न सुटलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या समाजाची ओळख असलेली आकृती आपण शिकावी, तिचा सराव करावा, तिच्यावर प्रेम करावं, पण विकायची असेल तर ती त्या समाजातल्या कलाकाराकडून घेऊन, त्याचं नाव लावून, त्याला पुरते पैसे देऊन विकावी. निवडीच्या प्रश्नात नीतीचा भाग आहे तो इथे.

आता निवडीच्या रोजच्या कसोट्यांकडे वळू. पहिली कसोटी तासांची. समजा, क्रोशाच्या एका तोरणाला सूत आणि मणी मिळून २०० रुपये लागले आणि दहा तास गेले. ते ७०० रुपयांना गेलं, तर हाती आले ५००. म्हणजे तासाला ५० रुपये. तेच तोरण दुकानात ३० टक्के कमिशनवर ठेवलं, तर २१० दुकानदाराचे, आणि उरलेल्या २९० मधून तासाला २९ रुपये. वीज, येण्या-जाण्याचा खर्च, स्टॉलचं भाडं, उरलेला आणि मळलेला माल, यांतलं काहीच यात धरलेलं नाही. हा हिशेब लिहून काढला, की अनेक वस्तू आपोआप यादीतून गळतात. गळू द्याव्यात. घरच्यांनी आपला वेळ फुकट धरला म्हणून आपणही तो फुकट धरावा, हे बरोबर नाही. "घरीच तर असते, वेळ जातो" हे वाक्य हातकामाच्या व्यवसायाचं जेवढं नुकसान करतं, तेवढं परदेशी मालानेही केलेलं नाही.

दुसरी कसोटी पुनरावृत्तीची. पहिला नग सगळ्यांचाच हौसेने आणि छान होतो. पन्नासावा नग तेवढ्याच मनाने, तेवढाच नेटका होतो का? ऑर्डर आली, की तीच वस्तू पुन्हा पुन्हा करायची असते, तारीख पाळायची असते, आणि गिऱ्हाइकाला फोटोत दिसली तशीच हवी असते. ज्या कामात हात रमतो आणि कंटाळत नाही, ते काम थोडं कमी देखणं असलं तरी व्यवसायाला जास्त उपयोगी पडतं.

तिसरी कसोटी हंगामाची, आणि ती समजायला हलव्याच्या दागिन्यांइतकं चांगलं उदाहरण नाही. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला हे दागिने लागतात: मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, बांगड्या, बाळासाठी बासरीसुद्धा. तीळ किंवा खसखस कढईत घेऊन मंद आचेवर त्यावर पाक चमचा-चमचा सोडत, सतत हलवत राहिलं, तर दाण्याला काटा येतो. घाई केली की दाणे चिकटतात, आच वाढली की पिवळे पडतात. दाणा आता यंत्रावरही होतो; दोऱ्यात बांधून त्याचा दागिना गुंफण्याचं काम मात्र हाताचंच आहे. मापाप्रमाणे, नावानिशी, ठरावीक तारखेला द्यायची ही वस्तू. हिच्यापुढे यंत्राचा माल टिकत नाही आणि गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही, कारण तो दिवस पुन्हा येणार नसतो. पण हिची दुसरी बाजूही बघावी. मागणी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची. साखर दमट हवेत पाणी धरते, त्यामुळे उरलेला माल पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. म्हणून हे दागिने करणारीने उरलेल्या महिन्यांसाठी जोडवस्तू ठरवलेली बरी: श्रावणात राख्या, गणपतीला मखराची सजावट, दिवाळीला कंदील, लग्नसराईत रुखवत. महाराष्ट्राचं सणांचं वर्ष हे कारागिराचं वेळापत्रकच आहे. त्यात नारळीपौर्णिमेची राखी जूनपासून आणि दिवाळीचा कंदील पावसाळ्यात हाती घ्यावा लागतो.

चौथी कसोटी वस्तू घरापासून गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची. हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. अनेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागायची, आणि येईल तेवढे किलो धरायचे. तीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात बसवलेला कागदी कंदील प्रत्यक्षात काही ग्रॅमचा असला, तरी त्याचं भाडं ५.४ किलोचं लागतं. तोच कंदील घडी होईल असा बांधला आणि खोक्याची जाडी तीन सेंटिमीटरवर आणली, तर हिशेब ०.५४ किलोवर येतो. डिझाइनमधल्या एका घडीने भाडं दहा हिश्श्यांवरून एका हिश्श्यावर आलं. पुण्यात स्टॉलवर विकायचा कंदील आणि नागपूरला पाठवायचा कंदील या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आधी कळलं तर पुढचं नुकसान टळतं.

पाचवी कसोटी कायद्याची. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सवलत आहे. म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्याने सगळ्यात आधी कारागीर ओळखपत्र काढावं. घरी केलेला साबण कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन ठरतो आणि विक्रीसाठी त्याला परवाना लागतो. मेणबत्तीला तसा लागत नाही. दोन्ही कामं एकाच स्वयंपाकघरात होत असली, तरी व्यवसाय म्हणून त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? याची कारणं आपल्या डोळ्यांसमोर घडत आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्याही उगमाचा उल्लेख न करता. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं आणि हाताने घातलेली शिवण यांतून ती वर्षानुवर्षं टिकणारी चप्पल होते. जगाला ती हवी आहे हे त्या प्रकरणाने सिद्ध झालं. पण रस्त्यावर कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चपलांत रेक्झिन असतं, आणि गिऱ्हाईक दोन्हींतला फरक न विचारता स्वस्तातली उचलतं, हेही तितकंच खरं. मागणी जगभर आहे आणि तरी करणाऱ्याच्या पदरी मजुरी तुटपुंजी, या विसंगतीवर उपाय शोधायचा तर वस्तू, गिऱ्हाईक आणि भाव यांचा एकत्र विचार करायला हवा.

दुसरं कारण यंत्राचं. कापडावरची डिजिटल छपाई, लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापणारी लेझर यंत्रं आता छोट्या गावांतही पोचली आहेत. नुसत्या आकृतीवर चालणारी वस्तू यापुढे हाताच्या मालकीची राहणार नाही. ज्या वस्तूत मापाप्रमाणे बदल आहे, स्पर्श आहे, दुरुस्तीची हमी आहे, करणाऱ्याचं नाव आहे, तिला मात्र यंत्र मागे टाकू शकत नाही. तिसरं कारण भांडवलाचं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कुंभार, चर्मकार, बुरूड, खेळणी करणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचं कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. पैसा मिळण्याची वाट रुंदावली आहे; पण चुकीच्या वस्तूवर काढलेलं स्वस्त कर्जही फेडावंच लागतं.

या पुस्तकात काय आहे आणि काय नाही, हे सांगणं प्रस्तावनेचं कर्तव्य आहे. शंभर वस्तूंची यादी देऊन ‘यांतली एक उचला’ असं ते म्हणत नाही. तशी यादी छापून होईपर्यंत शिळी होते, आणि यादीतली वस्तू सगळेच करू लागले की तिचा भाव मरतो. विचारायचे प्रश्न, मांडायचे हिशेब आणि ते हिशेब खऱ्या कामांवर लावून पाहण्याची रीत, एवढं ते देतं. घराण्याने चालत आलेलं काम करणारा कारागीर आणि आवडीतून शिकून विकू पाहणारी गृहिणी, विद्यार्थी किंवा निवृत्त माणूस, या दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याला काय येतं हे ठाऊक असतं, गिऱ्हाईक शोधायचं असतं. दुसरीला गिऱ्हाईक ओळखीचं असतं, काम निवडायचं असतं. पुस्तकाने दोघांनाही समोर ठेवलं आहे आणि एकाचा सल्ला दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेला नाही. रातोरात यश मिळाल्याच्या कहाण्या इथे नाहीत. ज्या वस्तू चालल्या नाहीत त्यांच्याही नोंदी आहेत, कारण का चाललं नाही हे कळल्याखेरीज पुढची निवड शहाणपणाची होत नाही.

वाचकाकडून एक अपेक्षा आहे. हे पुस्तक हातात वही घेऊन वाचावं. आपल्याला जमणाऱ्या तीन वस्तू लिहाव्यात. प्रत्येकीचे पाच नग करावेत. कच्च्या मालाचा खर्च आणि लागलेले तास प्रामाणिकपणे टिपावेत. मग त्या नात्यागोत्यात न वाटता अनोळखी माणसापुढे ठेवाव्यात आणि स्वतःच्या तासाला योग्य वाटेल तोच भाव सांगावा. जी वस्तू त्या भावाला उठते आणि पाचवा नग करतानाही मन लागतं, ती आपली. तिन्हींपैकी एकही बसली नाही, तर वही उघडी आहेच, चौथी लिहावी. हातांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला हिशेबाचं भय नसावं, कारण तोच हिशेब त्याच्या हातांना त्यांचा मान मिळवून देणार आहे.